उलटं धरलेलं कार्ड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडते तेव्हा बाकीचं सगळं सांगते, पण एवढं टाळून पुढे जाते. आता तुम्हाला सांगायला बसले, तर पहिल्या वाक्यालाच घसा खाकरला. ही माझी सवय आहे. खडूची धूळ घशात बसते आणि दर दोन वाक्यांनंतर मी खाकरते — ख्हं — असं, छोटंसं. एवढी सवय लक्षात ठेवा. उगाच सांगत नाही मी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गोंदियाला लागून फुलचूर, तिथं माझं घर. पण ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या वर्षी माझी बदली पार दक्षिणेला, अर्जुनी मोरगावच्या पुढच्या एका गावात झाली होती. गावाचं नाव नाही सांगत. मोठा तलाव, तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला टेकून शाळा, समोर नुसत्या धानाच्या बांध्या, भातखाचरं. मी अर्जुनीत खोली घेऊन राहायचे आणि बसनं ये-जा करायचे. तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता.

आणि माझा दिमाख काय होता म्हणून सांगू! तालुक्यात शिक्षकांचं प्रशिक्षण असलं की मला बोलवायचे. विषय ठरलेला — पूर्वचाचणी. शिकवायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक मूल कुठं उभं आहे ते पाहायचं. एकेकाला जवळ बसवायचं. कुणाला अक्षरं येतात, कुणाला शब्द, कुणाला वाक्य, कुणी अख्खा उतारा वाचतं. ज्याचं जिथं अडलं तिथून त्याला उचलायचं. मी माईक हातात घेऊन म्हणायची, "मुलाकडे बघा. कागदाकडे नाही, मुलाकडे बघा." लोक माना डोलवायचे. चहाच्या वेळी येऊन सांगायचे, मॅडम, तुमचं बोलणं डोक्यात बसतं.

बसतं खरं. कुणाच्या डोक्यात काय बसलं, तेच तर सांगायचं आहे.

चाचणीसाठी वाचनकार्डांचा संच आलेला असायचा. प्रत्येक कार्डावर वेगळा उतारा, वर छोटंसं चित्र. वेगळा कशासाठी? तर एकाचं ऐकून दुसऱ्यानं पाठ म्हणू नये म्हणून. एवढी साधी गोष्ट — मीच प्रशिक्षणात सांगायची. आणि माझ्या स्वतःच्या वर्गात मी एकच कार्ड काढलं होतं. बाकीची प्लास्टिकसकट कपाटात. कोणी साहेब तपासायला आले तर संच कोरा करकरीत दिसला पाहिजे ना! पोट्ट्यांचे हात चिखलाचे, कार्डं मळतात. आम्ही मास्तर लोक असेच. वस्तू जपतो आणि ती ज्याच्यासाठी आली त्यालाच तिच्यापासून लांब ठेवतो.

दिवस रोवण्याचे, धानाची रोपं लावण्याचे होते. अर्धं गाव बांध्यांत वाकलेलं. आभाळ सकाळपासून उतरलेलं, वीज गेलेली, वर्गात दुपारीच सांज झाल्यासारखा उजेड. मी दाराजवळ खुर्ची घेऊन बसले होते आणि एकेक पोर येत होतं. बाकीची भिंतीला टेकून रांगेनं. सगळ्यांच्या कानावर तोच उतारा. शेळीचा.

गावाबाहेर एक तलाव होता. तलावाच्या काठी एक म्हातारी राहत होती. म्हातारीची एक शेळी होती. एके दिवशी शेळी दिसेनाशी झाली. म्हातारीने झाडामागे पाहिले. म्हातारीने पाळीवर पाहिले. शेळी कुठेच नव्हती. म्हातारी मागे वळली. शेळी मागेच उभी होती.

एवढाच उतारा. मुलं अडखळायची, मी टोकायची — "हं, पुढे. बोट ठेव, बोट." मधेच खाकरायची. पुन्हा "हं, पुढे."

सगळ्यात शेवटी आचल आली. बारीक अंगाची, तेल चोपडून दोन घट्ट वेण्या, मान थोडी तिरकी. जरा थांबून, पायानं जमीन चाचपल्यासारखं करत आली आणि माझ्यासमोर बसली. मी कार्ड पुढे केलं. तिनं ते घेतलं आणि उलटं धरलं. चित्राची बाजू माझ्याकडे, आणि शेळीचे पाय आभाळाकडे.

मी म्हणणार होते, सरळ धर गं. पण तोवर तिनं सुरुवात केली.

गावाबाहेर एक तलाव होता. स्वच्छ, खणखणीत. एकही अक्षर इकडचं तिकडं नाही. तलावाच्या काठी एक म्हातारी राहत होती. आणि मग ती खाकरली. ख्हं. माझ्यासारखी नाही हो — माझंच खाकरणं. मग म्हणाली, "हं, पुढे. बोट ठेव, बोट." आणि पुढचं वाक्य. म्हातारीची एक शेळी होती.

आठ वर्षांची पोर, आणि तिच्या तोंडून माझा आवाज. नक्कल करणारी मुलं मी पाहिली आहेत, मास्तरांची टिंगल करतात, डोळे मिचकावतात, बाकीची पोरं फिदीफिदी हसतात. इथं कुणी हसलं नाही. तिच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. ती अगदी मन लावून, मी जे तिच्याकडून मागितलं होतं ते मला देत होती. तिला वाटत होतं, ते सगळंच त्या कार्डावर लिहिलेलं आहे. खाकरणंसुद्धा. बोटसुद्धा तिनं ठेवलं होतं, कार्डाच्या कोऱ्या मागच्या बाजूवर.

शेळी मागेच उभी होती. एवढं म्हणून ती गप्प झाली आणि माझ्या बाजूला तोंड करून बसली. माझ्याकडे नाही — माझ्या कानाजवळून पलीकडे, भिंतीकडे.

आता सांगा, तुम्ही असता तर काय केलं असतं? कार्ड हातात सरळ दिलं असतं. कपाटातलं दुसरं काढलं असतं. बोटं दाखवून विचारलं असतं, किती गं ही? एवढंच. घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं ते सांगते, आणि हे सांगायलाच मला इतकी वर्षं लागली. माझ्या डोक्यात आलं की हिनं जर ऐकून पाठ केलं असेल, तर हिच्या आधीच्या कितीजणांनी केलं असेल? म्हणजे सगळी चाचणी पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून, अख्खा वर्ग. आणि चारची बस यायची वेळ झालेली.

मी तिच्या नावापुढे लिहिलं, उतारा वाचते. "शाब्बास," म्हटलं. ती इतकी खूश झाली की उठताना तिचा पाय खुर्चीत अडकला.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, घाई झाली, चूक झाली, माणूस आहे. थांबा जरा. माझं अजून काहीच सांगून झालेलं नाही.

चाचणी झाली की गट पडतात. ज्यांना अक्षरं येत नाहीत ते पुढे, माझ्या पायाशी. वाचणारे मागे. बक्षीसच असतं ते एक प्रकारचं — तुम्ही हुशार, तुम्ही मागे बसा, आपलं आपण वाचा. आचल गेली सगळ्यात मागे, शेवटच्या भिंतीला. त्या कोपऱ्यात खिडकी नव्हती. फळा तिथून मलाही धड दिसत नसे. जिला दिसत नव्हतं त्या पोरीला मी माझ्या हातानं सगळ्यात लांब नेऊन बसवलं, आणि तिच्या मायला निरोप पाठवला की पोरगी हुशारांच्या रांगेत आली.

हळूहळू मला सगळं दिसत गेलं. दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ती फळ्यावरचं उतरवत नसे; शेजारची पोरगी पुटपुटायची आणि ही लिहायची, वहीला नाक लावून. मी ओरडायची, "आचल, पाठ सरळ!" ती लगेच ताठ व्हायची, आणि मग तिच्या ओळी एकमेकींवर चढायच्या. मधल्या सुट्टीत ती धावत नसे. पायरीवर बसून कान द्यायची. आणि धडे? मी एकदा वाचलेला धडा तिला दुसऱ्या दिवशी येत असे, माझ्या थांबण्यासकट, माझ्या खाकरण्यासकट. बाकीच्या मुलांनी पान उलटल्याची सळसळ झाली की हीही उलटायची. नेमकी.

एकदा पाहुणे आले, वरचे कोणी. म्हणाले, एखाद्या मुलाला वाचायला सांगा. वर्गात खरं वाचणारी चार पोरं होती. मी आचलला उभं केलं. का? कारण ती अडखळत नसे. तिनं पुस्तक उचललं आणि — उलटं. मी चालत तिच्यापर्यंत गेले. पाहुण्यांकडे पाठ केली, तिच्या हातातलं पुस्तक हलकेच फिरवून सरळ केलं, तिच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला असं दाखवलं, आणि म्हटलं, "वाच बेटा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते पुस्तक फिरवलं ना मी, ते या हातानं.

मग एक दिवस माझी बस चुकली. दुसरी मिळेपर्यंत उशीर झाला. शाळेजवळ आले तर वर्गातून हजेरीचा आवाज. एकेक नाव, एकेक "हजर बाई". मला वाटलं, मुख्याध्यापक सर घेत असतील. मग पायरीवर ऐकू आलं — ख्हं. मी पायरीवरच थांबले. अगं बाई, मी बाहेर उभी आहे, तर आत कोण आहे?

दारात गेले. बाहेर झाकोळलेलं, आत अंधुक. माझ्या खुर्चीमागे आचल उभी होती, हात टेबलावर, तोंड दाराकडे. मला पाहून मुलं एकेक करून गप्प होत गेली, वर्ग पार चिडीचूप झाला. आचल थांबली नाही. ती सरळ माझ्याकडे बघत होती. तुमच्या-माझ्यात आहे ना आत्ता, तेवढंच अंतर. माझ्या तोंडाकडे बघत माझ्याच आवाजात ती पुढचं नाव घेत होती, आणि कोणी हजर म्हणत नव्हतं. तिनं भुवया आकसल्या. दोनदा हाक मारली. मग, तसंच राहू दे म्हटल्यासारखं करून, शेवटी स्वतःचं नाव घेतलं, माझ्या आवाजात. आणि बारीक, आपल्या स्वतःच्या आवाजात उत्तर दिलं, "हजर बाई."

पहिल्या रांगेतलं एक पोट्टं कुजबुजलं, "म्याडम जी, बस हुकली का आचलच घेऊन राहते जी हजेरी."

तेव्हा ती दचकली. वळली ती चुकीच्या बाजूला. मी दारात होते आणि ती खिडकीकडे बघून म्हणाली, "बाई, आल्या जी तुमी?"

म्हणजे आता शंका नव्हती. एवढीशीसुद्धा नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण यानंतरचं जे आहे ते मी माहीत असून केलं.

दिवाळीनंतर, मंडईचे, गावोगावच्या जत्रांचे दिवस होते, तिची माय शाळेत आली. हातात पिशवी, तलावातले ताजे शिंगाडे. दाराशी चपला काढून आत आली, बसा म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, "म्याडम जी, एक इचारू का? पोरीच्या डोऱ्याले काही झालं का, म्हनते मी. सांज पडली का ठेचकाळून राहिली. पुढ्यातला गिलास दिसत नाही तिले. तिचा बाप म्हनते, नाटकं करून राहिली. तुमी तं रोज पाहून राहिल्या तिले. वाचते ना जी बरोबर?"

वाचते ना जी बरोबर. बाई काय मागत होती माझ्याकडे? एक शब्द. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिनं पोरीला घेऊन गोंदियाची गाडी धरली असती, मजुरी बुडवून धरली असती. ती तयार होती. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. आणि मी? मी त्या बाईसमोर उभी राहून एकच हिशेब केला. ही डॉक्टरकडे गेली तर डॉक्टर विचारेल, शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही का? आणि पूर्वचाचणीवर भाषणं देणाऱ्या मॅडमच्या वर्गात, हुशारांच्या रांगेत, पाहुण्यांपुढे वाचलेली मुलगी —

मी म्हटलं, "अहो, वर्गात सगळ्यात छान वाचते तुमची पोरगी. डोळे खराब असते तर वाचली असती का? उगाच घोर लावून घेऊ नका."

तिनं छातीवर हात ठेवला. हसली, डोळ्यांतून पाणी काढून हसली. "अवो माय! मंग कायले आमी जीव घाबरा करून राहिलो जी!" तिनं पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. नको नको म्हणत मी ते शिंगाडे घेतले. खोलीवर जाऊन उकडून खाल्ले. गोड होते.

तिनं स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं होतं ते माझ्या एका वाक्यावर खोटं ठरवलं. घरी जाऊन पोरीला दरडावलंही असेल, नाटकं करू नको म्हणून. ते मला माहीत नाही. पण मला वाटतं, दरडावलं असेल.

हिवाळ्यात आरोग्याची गाडी आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डोळ्यांची तक्रार असलेली मुलं वेगळी काढलीत का? बाकीच्यांची वरवरची तपासणी करू, तुम्ही सांगाल त्यांची नीट करू. मी दोन नावं दिली. आचलचं दिलं नाही. रांगेत तिची पाळी आली तेव्हा भिंतीवरचा तक्ता तिच्याआधीच्या पोरांनी मोठ्यानं वाचलेलाच होता. ती तो कसा म्हणाली असेल, हे तुम्हाला आता मी सांगायला नको. मी दाराशी उभी होते. ऐकत होते. शेवटच्या ओळीपर्यंत एक अक्षर चुकलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नेक्स्ट.

वर्ष संपलं. माझी बदली झाली, इकडे घराजवळ. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं का बोलू? नवी शाळा, नवी मुलं. पण तेव्हापासून एक होतं. मी वर्गात धडा वाचत असले, घसा भरून यायला लागला की — मी खाकरायच्या आधीच, मागच्या भिंतीकडून — ख्हं. मान वर करून बघते तर मुलं खाली बघून लिहीत असतात. शेवटच्या रांगेतली जागा कधी रिकामी असते, कधी तिथं दुसरंच कोणी असतं. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. कानात काही नाही म्हणाले. सुरुवातीला घाबरायची. आता वाट बघते. ज्या दिवशी आवाज येत नाही त्या दिवशी धड शिकवता येत नाही.

तिचं पुढं काय झालं ते मला कळत गेलं. मी विचारायचे नाही, पण शिक्षकांच्या तोंडून गावातल्या गोष्टी फिरतात. पाचवीत गाव सोडून मोठ्या शाळेत गेली, तिथं महिन्याभरात सगळ्यांच्या लक्षात आलं. नागपूरला नेली. तिथले म्हणाले, लहान असतानाच आणली असती तर बरंच वाचवता आलं असतं. आता उजेड-अंधार तेवढा कळतो.

लहान असतानाच. म्हणजे माझ्या वर्गात.

यंदाच्या उन्हाळ्यात शाळापूर्व तयारीचे मेळावे होते. पहिलीत येणार असलेली मुलं मायबापांसोबत शाळेत येतात, टेबलं मांडलेली असतात, खेळत खेळत मुलाची तयारी बघायची. म्हणजे पुन्हा पूर्वचाचणीच. ज्यांना यातलं कळतं अशा शिक्षकांना मदतीसाठी गावं वाटून दिली. मला तेच गाव आलं. बदलून मागता आलं असतं. का मागितलं नाही, मलाही नीट सांगता येत नाही.

तलाव आटून बराच आत गेला होता. हवेत मोहफुलांचा वास. शाळेला नवा रंग, वर्ग तोच. भाषेच्या टेबलावर मी आणि गावातली अंगणवाडीताई. ताईनं कपाट उघडून कार्डं आणली आणि माझ्यापुढे ठेवली — प्लास्टिकमधली, कोरी करकरीत. मी जपून ठेवलेली. वर ते एकच मळकं.

दुपारी एक चिमुरडी आली, दोन वेण्या, मोठा धीट चेहरा. ताई म्हणाली, पिहू, आणि ही हिची आत्या. मी मान वर केली. आत्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. उंच झालेली, मान अजून तशीच तिरकी. आचल.

पिहूनं टेबलावर शेळीचं चित्र पाहिलं मात्र, तिनं हात मागे बांधले आणि सुरू झाली. गावाबाहेर एक तलाव होता. तलावाच्या काठी एक म्हातारी राहत होती. ख्हं. हं, पुढे. बोट ठेव, बोट. म्हातारीची एक शेळी होती.

पाच-सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडून माझा आवाज, मला कधी न भेटलेल्या पोरीच्या. ताई हसून मला सांगत होती, "आचलनं शिकवलं जी. गावातल्या सगळ्याच लहान पोट्ट्यायले येते हे. असंच म्हनतात सगळे, खोकल्यासकट."

गावातल्या सगळ्याच मुलांना.

शेळी मागेच उभी होती, म्हणून पिहू थांबली. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर आचलला आवाज कळला असता. मी ते मळकं कार्ड उचललं आणि पिहूच्या हातात उलटं दिलं. पोरीनं पाहिलं, खदखदून हसली. "बकरी उलटी पडली जी!" आणि फिरवून सरळ केलं.

एवढंच होतं बघा. एवढाच वेळ लागतो.

आचलचं तोंड माझ्या बाजूला वळलं होतं, कानाजवळून थोडं पलीकडे. "टेबलावर कोन हाय जी?" तिनं विचारलं. "वाचते ना जी आमची पिहू बरोबर?"

तिच्या मायचेच शब्द. मी ताईला खूण केली, तूच सांग. ताई गोंधळली, पण म्हणाली, "हो वो, एकदम हुशार हाय. डोळे बी तेज." आचलच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि नेमका तेव्हाच माझा घसा भरून आला. पदर तोंडाशी धरला, श्वास कोंडला. उपयोग झाला नाही.

ख्हं.

तिचं हसू तसंच राहिलं. ती जरा वाकली, कान पुढे करून. "बाई? तुमी आल्या जी?" मग हळू म्हणाली, "लय दिवसांनी आल्या. मी तं अजून तसंच म्हनते जी, तुमी शिकवलं तसं. वाचूनच दाखवलं होतं ना मी तुमाले तवा? तुमी शाब्बास म्हनलं होतं."

ती थांबली. ताई माझ्याकडे बघत होती, पिहू बघत होती. मी खुर्चीत बसून राहिले, माझ्याच टेबलामागे, ओठ मिटून, जशी काही तिथं कोणीच नाही. या वेळीही नाही बोलले मी. काही नाही तर हो गं, मी आहे, एवढं तरी. तेही नाही.

शेवटी तिनं पिहूचा खांदा चाचपला आणि दोघी दाराकडे वळल्या. उंबरठ्याशी पोरगी अडखळली, पायात चप्पल चढवायला खोळंबली. आचल तिच्यासाठी थांबली. मग माझ्या आवाजात, अगदी मायेनं, तिला म्हणाली, "हं, पुढे."